पेटी पायथ्याशी, बटवा कमरेला

मैत्रिणींनो, सहलीला निघायचं म्हटलं की आपली तयारी दोन दिवस आधीच सुरू होते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, दशम्या, लिंबाचं लोणचं, सतरंजी, जादा टॉवेल, वाऱ्याची म्हणून एक शाल. काही राहिलंच, तर 'एवढं साधं लक्षात राहिलं नाही?' हे आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतं! म्हणून मी काही म्हणता काही विसरत नाही. प्रथमोपचाराची पेटी तर मुळीच नाही. चांगली पत्र्याची, पांढरी, झाकणावर तांबडी फुली असलेली पेटी आहे माझी. आत कापसाची गुंडाळी, जंतुनाशकाची मोठी बाटली, थर्मामीटर, मलमं, इतकंच काय, गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा. आळीत कुणाला काही लागलं की पोरं माझ्याकडेच धावत येतात. त्या पेटीचा मला केवढा अभिमान होता! 'होता' म्हणते, कारण गेल्या मार्गशीर्षात राजगडाच्या वाटेवर तो पार उतरला.

माझं माहेर मार्गासनीचं. सातारा रस्त्यावरून नसरापूरला वळून वेल्ह्याच्या वाटेला लागलं की हे गाव लागतं. इथूनच साखरवरून गुंजवण्याला फाटा फुटतो, आणि गुंजवणं म्हणजे राजगडाचा पायथा. शनिवार-रविवारी पुण्याहून गडावर निघालेली पोरंपोरी आमच्या गावावरूनच पुढे जातात. मी मात्र माहेरच्या अंगणातून इतकी वर्षं गड नुसता बघत आले होते. नातवानं हट्ट धरला, 'आजी, तूही चल', तेव्हा गुडघ्यांचं न ऐकता मी 'हो' म्हणून बसले.

आदल्या रात्री माहेरी मुक्काम केला. सकाळी वहिनीच्या हातची भाकरी बांधून घेतली आणि गाडीनं गुंजवण्याला पोचलो. तिथं सामान वाटून घेताना पेटी कुणीच घेईना. चिरंजीव म्हणाले, "आई, हे ओझं कशाला वर? खाली गाडीत राहू दे. लागलंच तर आणू." मलाही ते पटलं. अहो, गड चढायचा म्हणजे पाणीच किती न्यावं लागतं! पुऱ्यांचा डबा वर गेला आणि पेटी गाडीत राहिली.

चढताना सगळं ठीक झालं. पद्मावती माची पाहिली, तलाव पाहिला, भाकरी खाल्ली. उतरताना चोरदरवाजाखालचा कड्याचा टप्पा आहे ना, जिथं धरायला लोखंडी कठडे लावलेत, तिथं अकरा वर्षांच्या नातवाचा पाय घसरला. फार नाही पडला, चार हातच. पण खडकाची धार हाताला लागली आणि मनगटाच्या वरून कोपरापर्यंत कातडी उलली. रक्त असं भळभळ आलं, की सूनबाई मटकन खालीच बसली.

आता पेटी कुठे? तासाभराच्या उतारावर, कुलूप लावलेल्या गाडीत.

मी रुमाल दाबला. पण हात कापत होते, आणि मन धीर धरत नव्हतं. दर मिनिटाला रुमाल उचलून बघत होते, थांबलं का, थांबलं का. अन् दर वेळी रक्त नव्यानं येत होतं. तेवढ्यात डोक्यावर ताकाची कळशी घेतलेली एक बाई खालून वर येत होती. गडावर ताक-सरबत विकणाऱ्या गावातल्या बायका असतात, त्यांतलीच. तिनं कळशी खाली ठेवली, माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "सारखं उघडून बघितल्यावर रगात थांबतंय व्हय, बाई? दाबून धरायचं आन् बघायचं न्हाई."

मग तिनं कमरेची चंची सोडली. तुम्हांला वाटेल, पान-तंबाखू. पण आत प्लॅस्टिकच्या पिशवीत धुतलेल्या जुन्या लुगड्याची एक घडी होती, पट्टीची एक गुंडाळी होती आणि दोन सेफ्टी पिना. तिनं घडी जखमेवर ठेवली, तळव्यानं दाबली, पोराचा हात छातीच्या वर उचलून धरला आणि गप्पा सुरू केल्या. कितवीत आहेस, गड आवडला का. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग घडी न उचलताच वरून पट्टी बांधली, सूनबाईच्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. मी पैसे पुढे केले, तर म्हणाली, "ताकाचं घ्या हवं तर. ह्याचं नगं. आमच्यापुढं रोजच कुणी ना कुणी पडतंय."

खाली उतरून दवाखाना गाठला. सहा टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी पट्टी सोडताना विचारलं, "कुणी बांधली? छान दाबून बांधलीये." मी मांडीवर पेटी घेऊन बसले होते. काय उत्तर देणार?

त्या रात्री माहेरी झोप येईना. डोळ्यांपुढे नातवाचा हात होता आणि त्याच्याआड जुनी एक गोष्ट. मी सात-आठ वर्षांची असेन. भातकापणीत माझ्या चुलतीच्या पायाला साप चावला. लोक धावले. कुणी ब्लेडनं चीर दिली, कुणी सुतळीनं पोटरी करकचून आवळली. बैलगाडी जुंपून दवाखान्यात पोचेपर्यंत रात्र सरली. डॉक्टर म्हणाले, साप बिनविषारी होता. पण सुतळीखालचा पाय काळानिळा पडला होता. चुलती वाचली, पण पावलाचा पुढचा भाग गेला, आणि आयुष्यभर ती लंगडत चालली. माझं लग्न झालं तेव्हा मांडवात ती भिंतीला धरून उभी होती. सापानं काही केलं नाही तिचं. केलं ते आमच्या घाईनं.

तेव्हा मैत्रिणींनो, त्या रात्री मी दोन गोष्टी मनाशी गाठ बांधून ठेवल्या. एक, औषध अंगावर असेल तरच ते औषध. पायथ्याशी राहिलेली पेटी म्हणजे नुसता पत्रा. आणि दुसरी, बटव्यात काय घालायचं याइतकंच काय घालायचं नाही हेही ठरवावं लागतं.

आता माझा बटवा ऐका. आजीबाईचा बटवा आपल्याला नवा थोडाच आहे! फक्त सुंठ-वेखंडाच्या जागी दुसरं सामान. चष्म्याच्या घराएवढा, नाडीचा, कमरेला बांधता येईल असा जाड कापडाचा बटवा शिवा. आमच्या वेल्ह्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊक नसेल. कापडातून, कातड्यातून, कशातूनही तो आत शिरतो. म्हणून सगळं सामान आधी झिपच्या छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि मग बटव्यात.

आत एवढंच: निर्जंतुक गॉजची 2 पाकिटं. 3 इंची ताणाच्या पट्टीची 1 गुंडाळी. चिकटपट्ट्या 8, लहानमोठ्या. सेफ्टी पिना 4. पोविडोन आयोडिनची सर्वांत लहान ट्यूब. काटा काढायला चिमटा. बोथट टोकाची छोटी कात्री. जलसंजीवनीचं 1 पाकीट. पॅरासिटामॉलच्या 4 गोळ्या, आणि घरात कुणाला रक्तदाबाची, साखरेची, दम्याची औषधं असतील तर त्यांचा दोन दिवसांचा पुरवठा. ॲलर्जीची गोळी आणि मुलांचा डोस आपल्या डॉक्टरांना विचारून, कागदावर लिहून. एक शिट्टी. झोळीसाठी वेगळं काही नको. ओढणी किंवा एक मीटर सुती कापड पुरतं.

चिकटपट्टीवरून आठवलं. ही पट्टी मुळात आपल्यासारख्या एका गृहिणीसाठीच जन्मली बरं का! 1920 साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थांची बायको स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची. त्यांनी चिकट फितीवर मधोमध गॉजचे तुकडे लावून ठेवले, की तिला एकटीला, एका हातानं पट्टी लावता यावी. एका हातानं! बटव्यातली प्रत्येक वस्तू याच कसोटीवर घासून बघा. घाबरलेल्या माणसाला, एका हातानं, खडकावर बसून ती वापरता येते का?

जलसंजीवनीचं पाकीट 20.5 ग्रॅमचं येतं, ते पूर्ण 1 लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात घोळवायचं नाही. प्रमाण चुकलं की गुण येत नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडल्यावर मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. उन्हात गड चढून गळून गेलेल्यालाही हे घोट घोट द्यावं.

आता बटव्यात काय नको ते. ब्लेड नको. सुतळी नको. उघडा कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. जखमेत हळद, चुना, तंबाखू, राख काही भरू नका. आमच्या शिवारात विळा लागला की दगडी पाला चुरून लावायची रीत. मीही लहानपणी लावून घेतलाय. पण खोल जखमेत पाल्याबरोबर माती जाते, म्हणून आता नाही. पिण्याच्या पाण्यानं जखम धुवा, स्वच्छ घडी ठेवा, दाबा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटं उचलायचं नाही. घडी भिजलीच तर तीवरच दुसरी ठेवा.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही नाही. चावलेल्याला चालू देऊ नका. हातापायाला काठी किंवा पुठ्ठा लावून ओढणीनं सैलसर बांधा, हलू देऊ नका. आणि बायकांनो, हे खास आपल्यासाठी: बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण ताबडतोब काढा. सूज आली की ती कापावी लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, पण ते दवाखान्यातच देतात. ते बटव्यात मावत नाही. बटव्यात मावतो तो वेळ न दवडण्याचा शहाणपणा. विंचवाचंही तसंच. भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड. तिथल्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन लाल विंचवाच्या दंशाचे कितीतरी रोगी वाचवले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तेही डॉक्टरांच्या हातचं औषध. आपण फक्त लवकर पोचायचं.

गडाच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तरं लावून, आरडाओरडा करत, चुली पेटवून त्यांच्याखाली बसू नये. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळावं. काटा नखानं, चिमट्यानं, कशानंही चटकन काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, तर गोळीची वाट न पाहता दवाखाना.

शेवटची वस्तू एक कागद. त्यावर प्रत्येकाचं नाव, रक्तगट, कुठल्या औषधाचं वावडं, घरचा नंबर, आणि 108. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून फुकट येते. फोनमध्ये सगळं असतं हो, पण दरीत रेंज नसते आणि चार वाजता बॅटरी संपते. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात विचारून ठेवा, जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे.

औषधांच्या तारखा कधी बघायच्या? मी एक युक्ती केली आहे. खंडेनवमीला आपण विळी, कात्री, शिवणयंत्र पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो ना, त्या दिवशी बटवा उघडायचा. जुनं काढायचं, नवं भरायचं, आणि मग तोही पाटावर. यंदा नातवानं स्वतः मांडला. हातावरची खूण अजून गुलाबी आहे.

आणि ती पेटी? आहे की. स्वयंपाकघराच्या फळीवर. आळीतल्या पोरांना तीच बरी. दिवाळीत माहेरी जाईन तेव्हा मात्र तशा पाच बटव्या शिवून नेणार आहे. एक वहिनीला, तिच्या शेतातल्या बायकांना तीन, आणि एक त्या ताकवालीला. तिला गरज नाही म्हणा. पण तिच्या चंचीतली लुगड्याची घडी आमच्याकडे राहिली आहे, तेवढी तरी परत करायला हवी.