आवाज कमी कर!

चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. घरातली कोणतीही वस्तू बिघडली, की खापर फोडायला दोन गोष्टी बारमाही हजर. ऊन आणि धूळ. घड्याळ मागे पडले, ऊन. पंखा कुरकुरला, धूळ. स्वतःचे डोके चालेनासे झाले तरी मे महिन्याकडे बोट दाखवून मोकळे होता येते. त्यामुळे पुतण्याच्या गाण्यात खरखर येऊ लागली, तेव्हा माझे निदान आधीच तयार होते.

हा पुतण्या डीजे आहे. म्हणजे असे, की रीतसर बी.कॉम. होऊन तो दोन गाणी एकमेकांत अशी मिसळतो, की पहिले कधी संपले हे दुसऱ्यालाही कळू नये. थोरल्या भावाला हा धंदा पसंत नाही. 'आवाज कमी कर' या तीन शब्दांपलीकडे बापलेकांत वर्षभर संभाषण नाही. अशात एका हळदीची पहिली ऑर्डर आली. तासाभराचा नमुना रेकॉर्ड करून सकाळी ऐकवायचा होता. "नाही जमलं, त मशीन विकून टाक," असे भावाने जेवताना जाहीर केले आणि तो झोपायला गेला.

रात्री 10 नंतर भोंगे वाजवायला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. हेडफोनला नाही. "काका, ऐका न," म्हणत पुतण्याने तो माझ्या कानांवर चढवला. मिक्सरवर ऐकले तर गाणे स्वच्छ. तेच काँप्युटरवर रेकॉर्ड करून ऐकले, तर टिनावर गिट्टी ओतावी तसा ढोल, आणि खालून एक अखंड गुरगुर.

धूळ म्हणून मी मिक्सरची बटणे ब्रशने झाडली. ऊन म्हणून कूलर लावला. मला बरे वाटले, गाण्याला नाही.

गुरगुर आधी सापडली. मिक्सरचा प्लग बैठकीतल्या बोर्डात होता आणि काँप्युटरचा आतल्या खोलीतल्या. दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, आणि मधल्या वायरीतून घरातली 50 सायकलची वीज बिनबोभाट ये-जा करीत होती. 2920 मेगावॉटचे वीजकेंद्र उशाशी असलेल्या गावात विजेने गाण्यात डोकावले, तर नवल नाही. दोघांना एकाच बोर्डावर आणले आणि गुरगुर थांबली. एका घरातल्या दोन माणसांचेही असेच असते, पण ते मी पुतण्याला बोललो नाही.

फाटलेला आवाज मात्र कायम. "वायर कुठं खुपसली पाहू," म्हणत मी टॉर्च घेऊन काँप्युटरच्या मागे शिरलो. तिथे दोन भोके होती, दोन्ही एकाच रंगाची. बोटाने धूळ पुसली तेव्हा एक गुलाबी निघाले, दुसरे निळे. गुलाबी मायक्रोफोनचे. मायक्रोफोनकडून येणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी, म्हणून हे भोक तिला कित्येक पटींनी मोठे करते. मिक्सरची वीज मुळात व्होल्टच्या घरातली. म्हणजे कुजबुज ऐकायला लावलेल्या कानात आम्ही ढोल बडवत होतो! वायर निळ्यात गेली. शेवटी दोष धुळीचाच, हे मी नोंदवून ठेवले.

तरी जोराच्या जागी आवाज फाटेच. पडद्यावरचा काटा लाल रंगात नाचत होता.

"हा कायले इतका वर ठेवला?"

"तुम्हीच त सांगितलं होतं काका, काटा लालले टेकला पाह्यजे म्हणून."

सांगितले होते खरे. कॅसेटच्या जमान्यात झाडीपट्टीची रात्र-रात्र चालणारी नाटके मी पुढे बसून टेप केली आहेत. तेव्हा आवाज कमी घेतला तर फितीची सूंसूं वर येई, आणि थोडा जास्त झाला तर फीत सांभाळून घेई. फीत जुन्या सासूसारखी, कुरकुरत का होईना, पण सामावून घेणारी. काँप्युटरचे तसे नाही. नेहमीच्या 16 बिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्याकडे मोजून 65,536 पायऱ्या. त्याच्या वर जाणाऱ्या लहरीचे डोके तो सपाट कापतो, आणि कापलेले डोके नंतर आवाज कमी करून परत येत नाही. माझा चाळीस वर्षांचा अनुभव पुतण्याच्या गाण्याची डोकी उडवत होता.

मग मिक्सरची पट्टी खाली घेतली. काँप्युटरचीही घेतली. सगळ्यांत मोठा ठोकासुद्धा शून्याच्या 6 डेसिबल खाली राहील असे बसवले, आणि पहाटे तासभर रेकॉर्ड केले. ढोल ढोलासारखा वाजला. कमी वाटले तर ऐकताना वाढवता येते. ही सोय उलट्या बाजूने नाही.

तेवढ्यात भाऊ पाणी प्यायला उठला. "काय करून राहिलात रे?" म्हणत दारात थांबला. मी काही न बोलता हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला. पुतण्या भिंतीकडे पाहत उभा. भावाने चांगले दोन गाण्यांइतका वेळ ऐकले.

"हं. आता शब्द समजून राहिले," तो म्हणाला. हेडफोन काढून ठेवला, आणि आत जाता जाता सवयीने म्हणाला, "आवाज कमी कर."

खोलीत चिटपाखरू बोलत नव्हते. तरी पुतण्या म्हणाला, "केला न, बाबा."