मंडालेचे दुसरे टोक

चाळिशी उलटलेल्या माणसाच्या हातात जाडजूड पुस्तक दिसले, की आमच्या रत्नागिरीत लोकांना त्याची काळजी वाटू लागते. वर्तमानपत्र चालते, पंचांग चालते, कोर्टाचे कागद तर फारच चालतात! पण कुठल्याच कामी न येणारे पुस्तक? "आता या वयात कसल्या परीक्षेला बसताय?" हा प्रश्न मला नगर वाचनालयाच्या वाटेवर अनेकांनी विचारला आहे. हे वाचनालय 1828 सालचे. तेव्हा हा प्रश्नही बहुधा तितकाच जुना असावा.

लहानपणी आपण उत्तरे मिळवायला वाचतो. चाळिशीनंतर उत्तरे आपल्यापाशी इतकी साठलेली असतात, की घरातली मुले ती ऐकून कंटाळतात. त्या वयात चांगले पुस्तक एकच काम करते. आपल्या पाठ उत्तरासमोर ते एक नवा प्रश्न आणून ठेवते.

मंडालेचेच पाहा ना. लोकमान्यांचा जन्म 1856 साली रत्नागिरीत झाला आणि 1908 साली शिक्षा होऊन त्यांची सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात गेली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मंडाले म्हणजे परमुलूख, एकांत आणि कोठडी, हे आमचे पाठ उत्तर. थिबा राजाचा राजवाडाही आम्हांला तसाच पाठ. पाहुणे आले, की सकाळी भगवती किल्ला आणि संध्याकाळी राजवाडा, हा क्रम ठरलेला! पण ही दोन उत्तरे मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत पडून असतात.

सुधा शहा यांचे 'द किंग इन एक्झाइल' हे 2012 साली निघालेले इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचले, आणि मधली फळी निघाली. इंग्रजांनी 1885 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि 1886 साली त्याला कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवले. त्याची राजधानी कोणती? मंडाले! म्हणजे आमच्या माणसाला शिक्षा म्हणून जिथे पाठवले, ते याचे घर; आणि याला शिक्षा म्हणून जिथे आणले, ते आमचे घर. हापूस, फणस, भाट्याची खाडी, पावसाची झड, ज्या ज्या गोष्टींचे आम्ही कौतुक करतो, त्या सगळ्या एका कुटुंबाने तीस वर्षे कैदेतून पाहिल्या. राजा 1916 साली इथेच वारला.

त्याची एक नात तर याच गावात मराठी बोलत, गरिबीत जगली आणि 2000 साली गेली. बाजारात भाजी घेताना आमच्यापैकी कितीजण तिच्या शेजारी उभे राहिले असतील!

सरकारने बांधलेल्या या राजवाड्यात थिबा राहायला आला 1910 साली. त्याच हिवाळ्यात तिकडे मंडालेला लोकमान्य पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. पन्नाशी ओलांडल्यावर तुरुंगात बसून त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास केला. त्यांना तरी कोणती परीक्षा द्यायची होती? कोठडीच्या भिंती तेवढ्याच राहिल्या. पण त्या माणसाचे जग तेवढे राहिले नाही. आपल्याला तर भिंतीही नाहीत. असतो तो फक्त "आता काय करायचे आहे वाचून?" हा स्वतःच घालून घेतलेला कुलूपबंद दरवाजा.

हल्ली पाहुण्यांना राजवाडा दाखवायला मला जरा जास्त वेळ लागतो. मोठी माणसे घड्याळाकडे पाहतात. पण एखादे पोर मध्येच विचारते, "मग राजाला घरी का जाऊ दिले नाही?" त्याचे एक वाक्यात देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नसते. मग दुसऱ्या दिवशी वाचनालयाची पायरी चढणे आले.