बोलणी शिकावी लागतात

इंटरनेटचा कारभार सांभाळणाऱ्यांना मुत्सद्देगिरीचं प्रशिक्षण हवं, असं कुणी म्हटलं की मी पूर्वी वैतागायचो. मी तोक्योत नेटवर्क अभियंता आहे. ओतेमाची भागातल्या ज्या इमारतींत जपानमधली अनेक मोठी नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात, तिथे माझं काम चालतं. डेटाचं पॅकेट पोचलं तर पोचलं, नाहीतर नाही. त्यात वाटाघाटींचा संबंध काय, असं मला वाटे. मसुद्यातल्या एकेका शब्दावर रात्र जागवणं हे परराष्ट्र खात्यांचं काम. अभियंत्यांना ते शिकवायला उन्हाळी शाळा, ऑनलाइन वर्ग आणि सरावाच्या परिषदा कशाला हव्यात? आज मी याच्या उलट बोलतो, आणि हे मत जपानमध्येच बदललं.

८ ते १२ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत क्योतोच्या आंतरराष्ट्रीय परिषद भवनात इंटरनेट गव्हर्नन्स फोरम भरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या या फोरमची ही अठरावी वार्षिक परिषद. प्रत्यक्ष हजर असलेले लोकच सहा हजारांहून जास्त होते. याच भवनात ११ डिसेंबर १९९७ रोजी हवामानाचा क्योतो करार मंजूर झाला होता. तो सरकारांनी केलेला, कायद्याने बांधणारा करार. फोरमला मात्र कुणालाही बांधून घेण्याचा अधिकारच नाही. सरकारं, कंपन्या, अभियंते, कार्यकर्ते एकत्र बसतात, बोलतात आणि घरी जातात. एवढ्या खर्चात फक्त चर्चा, याचं मला वाईट वाटत होतं.

तिथे चहाच्या वेळी एका निवृत्त जपानी अभियंत्याने मला आरएफसी ३७४३ वाचायला सांगितलं. एप्रिल २००४चं हे तांत्रिक टिपण. रात्री मी ते वाचून काढलं, आणि दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की संगणकाइतकंच ते माणसांबद्दल आहे.

प्रश्न असा होता. वेबसाइटची नावं चिनी लिपीतल्या चित्राक्षरांत लिहायची सोय करायची होती. ही अक्षरं चीन, तैवान, जपान आणि कोरिया या चौघांच्याही वापरातली. पण एकाच अक्षराची जुनी आणि सोपी केलेली अशी दोन रूपं असली, तर चिनी वाचकाला ती एकच वाटतात. जपानी माणूस मात्र त्यांना पुष्कळदा वेगळी धरतो. आडनावात तर हमखास. दोन्ही एकच मानली, तर जपानी दुकानदाराला स्वतःच्या नावाला मुकावं लागेल. वेगळी मानली, तर चीनमध्ये कुणीही एखाद्या बँकेच्या नावाचं दुसरं रूप विकत घेऊन लोकांना फसवेल. दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त, आणि गणिताने सुटेल असं त्यात काही नव्हतं.

चारही ठिकाणच्या नावनोंदणी संस्थांच्या अभियंत्यांनी मिळून एक संयुक्त गट केला. बीजिंग आणि तैपेई यांचे संबंध जगाला माहीत आहेत. जपानने तैवानशी अधिकृत राजनैतिक संबंध १९७२ साली तोडले, ते आजही नाहीत. असं असूनही ही माणसं एका टेबलाशी बसली. त्यांनी सगळ्यांवर एकच नियम लादला नाही. प्रत्येक भाषेसाठी अक्षरांचा वेगळा तक्ता करायचा, आणि एखाद्या नावाची जी पर्यायी रूपं त्या तक्त्यात निघतील ती त्याच अर्जदारासाठी राखून ठेवायची, असा मार्ग काढला. आपली भाषा आपण सांभाळायची आणि शेजाऱ्याच्या भाषेत ढवळाढवळ करायची नाही, ही तडजोड त्यात आहे. मला ती अतिशय सुंदर वाटते.

यातला आपल्या घरचा भाग मला त्यानंतर दिसला. देवनागरी हिंदीची, मराठीची, नेपाळीची आणि कोकणीचीही. ‘कऱ्हाड’ लिहायला लागणारा ऱ हिंदीत लागत नाही. वेबपत्त्याच्या शेवटच्या भागात कोणती अक्षरं चालतील, हे ठरवायला भारत आणि शेजारी देशांतल्या जाणकारांचं एक मंडळ बसलं. पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेतली माणसंही त्यात होती. त्या नियमांत ऱ्य आणि ऱ्ह यांना जागा मिळाली. केवळ हिंदीपुरता विचार झाला असता, तर हा ऱ सहज गळून पडला असता. मराठीच्या बाजूने बोलणारं माणूस टेबलाशी असावं लागतं, आणि त्याला बोलणी करता यावी लागतात.

नुसतं तंत्र बरोबर असून भागत नाही, याचाही धडा जपानमध्येच मिळतो. जून १९९२मध्ये कोबे इथे इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाची बैठक झाली. इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडणार हे दिसत होतं, म्हणून बोर्डाने पुढच्या काळासाठी सीएलएनपी नावाची पद्धत पुढे केली. प्रस्ताव विचार करण्याजोगा होता. पण ज्यांनी ती राबवायची त्या अभियंत्यांना वाटलं की हे आपल्या डोक्यावरून ठरवलंय. जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या सभेत असंतोष उसळला, बोर्डाने माघार घेतली आणि बोर्डावर माणसं नेमण्याची रीतच पुढे बदलली.

बोलणी न येणं मला स्वतःलाही नडलं होतं. २०१९च्या जूनमध्ये ओसाकाला जी-२० परिषद झाली. ‘विश्वासासह डेटाचा मुक्त प्रवाह’ हा विचार शिंझो आबे यांनी त्याच वर्षी दावोसला मांडला होता. ओसाकातल्या डिजिटल अर्थव्यवस्थेच्या जाहीरनाम्यावर भारत, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी सही केली नाही. डेटा ही नव्या प्रकारची संपत्ती आहे आणि तिचे नियम जागतिक व्यापार संघटनेत ठरावेत, अशी भारताची भूमिका तेव्हाचे परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी मांडली. माझे जपानी सहकारी विचारत होते, तुमच्या देशाने असं का केलं? त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१८मध्ये, रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं होतं, आणि त्या आदेशापायी आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी सर्व्हर हलवले होते. तरीही धोरण आणि तारा यांचा सांधा मला त्यांना समजावून सांगता येईना. अभियंत्याला तो सांगता आला पाहिजे, असं आता मला मनापासून वाटतं.

बोलणी शिकल्याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. मणिपुरात मे २०२३पासून महिनोन् महिने मोबाइल इंटरनेट बंद होतं. क्योतोतल्या कुठल्याही सत्राने ते सुरू झालं नाही. सत्तेने बटण दाबायचं ठरवलं की बोलणी थिटी पडतात, याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे. पण ज्या खोलीत नियम लिहिले जातात, तिथे आपलं माणूस नसलं तर चीड व्यक्त करायलाही उशीर झालेला असतो.

२००२ साली स्थापन झालेली डिप्लो फाउंडेशन ही संस्था अशी बोलणी शिकवणारे वर्ग चालवते, भारतातही २०१६पासून इंटरनेट गव्हर्नन्सची शाळा भरते. हे सारं मुख्यतः इंग्रजीत आहे. पुण्या-नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी नेटवर्किंगच्या विषयाला याची जोड द्यावी. विद्यार्थ्यांचे मराठी, हिंदी, नेपाळी आणि कोकणी असे चार गट करावेत, देवनागरीचा तक्ता समोर ठेवावा आणि संध्याकाळपर्यंत चौघांनाही मान्य होईल असा एकच मसुदा मराठीत लिहून मागावा. असा वर्ग कुणी सुरू करत असेल, तर सुट्टी काढून शिकवायला यायची माझी तयारी आहे.