एइबारची दुनळी

बिल्बाओहून सॅन सेबॅस्टियनकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत खिडकीपाशी जागा धरावी. हिरवेगार डोंगर, झिमझिम पाऊस, मध्येच बोगदे. आणि एका वळणावर दरीत एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहाव्यात तशा उंच इमारती दिसू लागतात. हेच एइबार. स्पेनमधील बास्क मुलखाचे, सुमारे २७,००० वस्तीचे गाव. सपाट जमीन तळहाताएवढी, म्हणून येथे कारखानेसुद्धा मजल्यावर मजले चढवून बांधलेले!

पंधराव्या शतकापासून हे लोक हत्यारे घडवीत आले आहेत. बिस्केच्या डोंगरांत लोखंड, रानात कोळशापुरते लाकूड आणि घण चालविण्याजोगे ओढे. आणखी काय हवे? शेजारच्या एका गावाचे स्पॅनिश नावच 'प्लासेन्सिया दे लास आर्मास', म्हणजे हत्यारांचे प्लासेन्सिया. नळी करणारे, चाप करणारे, दस्ता करणारे आणि किरकोळ सरंजाम करणारे असे चार वेगळे संघ होते. आपल्याकडच्या बलुत्यांची आठवण व्हावी.

आज नाव आहे ते शिकारीच्या दुनळी बंदुकीचे. लंडनच्या नामांकित कारागिरांचा नमुना पुढे ठेवून ती करतात, म्हणून काही शौकीन नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एकदा दस्ता बसविणाऱ्याचे काम पाहावे! दिव्याच्या काजळीने पोलादी भाग काळा करायचा, अक्रोडाच्या खाचेत बसवून पाहायचा आणि पुन्हा काढायचा. लाकडावर जेथे काजळी उमटली तेवढेच छिन्नीने खरवडायचे. असे किती वेळा? लाकूड आणि पोलाद यांमध्ये केस शिरणार नाही, इतक्या वेळा. शिंप्याने कोटाचे माप घ्यावे तसे गिऱ्हाइकाच्या हाताचे, मानेचे, गालाचे माप घेतात. दस्त्याला किंचित बाक देतात, तोसुद्धा नेम धरणाऱ्याचा डोळा उजवा की डावा हे पाहून. चापाचे आतले भाग, जे मालकाला जन्मात दिसायचे नाहीत, तेही आरशासारखे घासलेले. मग तपासणीच्या सरकारमान्य संस्थेत नेहमीपेक्षा जबर बार भरून परीक्षा होते. नळी टिकली तर शिक्का.

पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी काढण्याची कलाही येथलीच. उदयपूरच्या कोफ्तगिरीची धाकटी बहीणच म्हणा ना. प्लासिदो सुलोआगा हा तिचा थोर उस्ताद. त्याचा मुलगा इग्नासिओ, जन्म १८७०चा, हातोडी सोडून कुंचल्याकडे वळला आणि जगप्रसिद्ध चित्रकार झाला.

गाव तसे तापट. १४ एप्रिल १९३१ला भल्या सकाळी स्पेनमध्ये सर्वांआधी प्रजासत्ताकाचा पुकारा केला तो एइबारने. सहा वर्षांनी, १९३७ साली यादवी युद्धात, विमानांनी गाव भाजून काढले.

मौज अशी, की हत्यारांचा धंदा मंदावला तेव्हा याच हातांनी दुसरी कामे उचलली. नळी करणाऱ्याला सायकलची नळी काय जड? ओर्बेआ ही १८४०ची बंदूकवाल्यांची पेढी पुढे सायकलींची झाली. बेइस्तेगी बंधूंचेही तेच. आल्फाने पिस्तुले सोडून शिवणयंत्रे काढली.

ज्यांनी बंदूक सोडली नाही, त्यांचे मात्र हाल झाले. १९८०च्या दशकात अनेक पेढ्या एकत्र करून एक मोठा कारखाना उभारण्याचा घाट घातला गेला. तो बुडाला आणि कित्येक जुनी नावे त्याच्याबरोबर गेली. 'आया' ही पेढी मात्र लहान रूप घेऊन पुन्हा उभी राहिली. आज असे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच. १९१३ साली उघडलेली बंदूकशाळा अजून भरते, पण मुले तेथे यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येतात. दस्ता बसविण्याचे काम हातात मुरायला वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे कानशीपाशी काढायला तयार असलेली पोरे मिळणे हीच खरी अडचण आहे. बंदुकीची मागणी नव्हे!

गावाचा फुटबॉल संघ २०१४ ते २०२१ स्पेनच्या पहिल्या वर्गात खेळला. इपुरुआच्या मैदानावर प्रेक्षक त्याला आजही 'आर्मेरोस' म्हणजे बंदूकवाले म्हणूनच हाका मारतात.