विकतची आसवे

आपल्या भाषेने कोरड्या डोळ्यांवर मोठा अन्याय केला आहे. परक्याचे दुःख जो कोरड्या डोळ्यांनी पाहतो तो निर्दय, आणि ज्याचे डोळे पदोपदी भरून येतात तो सहृदय, असा तिचा सरळ हिशेब! या हिशेबाने माझी गणना गेली कित्येक वर्षे निर्दयांत व्हावयास हवी. परंतु मौज अशी की, ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ हा निर्णय डॉक्टरांनी दिला त्या वेळी माझ्या गालांवरून पाणी ओघळत होते. वाऱ्याची झुळूक आली किंवा चार पाने वाचून झाली की डोळ्यांत वाळू टोचू लागे, पाठोपाठ धार लागे, आणि भेटीस आलेले सद्गृहस्थ आवाज खाली आणून घरातल्या मंडळींची खुशाली विचारीत.

कोरड्या डोळ्यांतून पाणी कसे यावे, या कोड्याचा उलगडा मला आमच्या दिघोरीच्या मुलखात राहिल्यामुळे लवकर झाला. भंडारा जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले तलाव आणि धानाच्या बांध्यांना पाणी पुरविणाऱ्या लहान बोड्या येथे जागोजाग आहेत. वैशाखातील वारा बोडीचे पाणी कसे उडवून नेतो आणि तळाच्या चिखलास कशा भेगा पडतात, हे येथील पोरासही ठाऊक असते. बुबुळावर अश्रूंची जी पातळ बोडी भरलेली असते, तिच्या रक्षणार्थ मात्र निसर्गाने एक युक्ती योजली आहे. तळाशी श्लेष्मल थर, मध्ये पाणी, आणि वर तेलाची तलम साय! हे तेल पापण्यांच्या कडांशी ओळीने बसलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. हे तेल घट्ट होऊन अडले की साय फाटते, पाणी उडून जाते, आणि उघड्या पडलेल्या बुबुळाची वेदना मेंदूकडे धाव घेते. मेंदू घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. पण तो अवकाळी पावसासारखा! वाहून जातो, मुरत नाही. ‘डोळ्यांत तेल घालून’ जपणे हा वाक्प्रचार ज्याने प्रथम उच्चारला, त्यास शरीरशास्त्र ठाऊक नसेल. पण तो बोलला ते खरे.

ही तेलाची साय पसरविण्याचे काम पापणीचे. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पुस्तकात किंवा पडद्यावर नजर खिळली की ही संख्या निम्म्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा पापणी अर्ध्यावरूनच परतते. ‘पापणी न लवता वाचतो’ म्हणून ज्या मुलाचे आपण कौतुक करतो, त्याच्या डोळ्यांना त्या कौतुकाची किंमत मोजावी लागते.

हे दुखणे दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्याबरोबर जन्मास आले, असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे जे शहात्तर प्रकार सांगितले, त्यांत ‘शुष्काक्षिपाक’ आहेच. कठीण व रूक्ष पापण्या, उघडताना होणारे कष्ट, गढूळ दिसणे — लक्षणे वाचताना कोणी आपलेच वर्णन करीत आहे असा मला भास झाला. डोळे, तोंड आणि सांधे या तिहींचा संबंध दाखविणारा हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याचा प्रबंध १९३३चा. सांधेही धरत असतील तर नुसत्या थेंबांवर विसंबू नये, ते त्याचसाठी.

आमच्याकडे थेंबांपेक्षा सल्ले स्वस्त. मध घाला, एरंडेल घाला, अमुक पानाचा रस पिळा! एरवी असल्या प्रेमळ सल्ल्यांस हसून मान डोलवावी. पण मळणीच्या दिवसांत हसवत नाही. धानाचे कुसळ बुबुळावर लागते, त्या ओरखड्यात बुरशी शिरते, वर पाल्याचा रस पडतो किंवा दुकानातून न विचारता आणलेले स्टेरॉइडचे थेंब पडतात, आणि कर्त्या माणसाचा डोळा कायमचा जातो. माझे दुखणे त्या मानाने अगदीच गरीब. ऊन पाण्यात पिळलेले फडके मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावे, उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर घेऊन निजू नये, दर वीस मिनिटांनी नजर दूर टाकावी, आणि दिवसातून चार वेळा ‘कृत्रिम अश्रू’ घालावेत. वनस्पतींच्या तंतूंपासून केलेल्या चिकट द्रव्याची ही आसवे मी महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत लिहितो. पूर्वी राजेलोक रडण्यासाठी माणसे भाड्याने आणीत म्हणतात. मी त्यांच्याहून एक पायरी पुढे गेलो आहे.

खरा त्रास निराळाच आहे. हात मोडला तर गळ्यातली झोळी दिसते. माझे डोळे बाहेरून धडधाकट दिसतात. ‘वाचवत नाही’ म्हटले की ऐकणारा मनात म्हणतो, ‘आळस!’ ज्याचा सारा दिवस अक्षरांवर गेला, त्यास हा शब्द वाळूपेक्षा अधिक टोचतो. लंडनच्या सॅम्युएल पेपिसने आपण आंधळे होणार या धास्तीने आपली प्रख्यात दैनंदिनी ३१ मे १६६९ रोजी बंद केली. कागदाच्या नळ्या डोळ्यांस लावून वाचण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. पुढे तो १७०३पर्यंत जगला, आणि आंधळा झाला नाही! त्याची भीती मला हास्यास्पद वाटत नाही. पण त्याने बंद ठेवलेल्या त्या चौतीस वर्षांच्या पानांची हळहळ वाटते.

म्हणून मी वाचन बंद केले नाही. त्याचा शिधा ठरविला. दिवसाला वीस पाने, तीही सकाळची. शिधा ठरला की धान्य निवडून घ्यावे लागते. वर्तमानपत्रातील भांडणे प्रथम गेली, मग केवळ भिडेखातर वाचावयाची पुस्तके गेली. उरलेले मी ऐकतो. तान्हेपणीच दृष्टी गमावलेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात केवढी ग्रंथरचना केली! चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि दहांनी ऐकावी, ही चाल तर आमच्या अंगवळणी पडलेली. मी मात्र लहानपणी ऐकणाऱ्यांत कधी बसलो नाही. वाचणारा मीच असे.

सध्या माझा नातू वाचतो. त्याला जोडाक्षरांची घाई असते आणि स्वल्पविराम त्याच्या गावीही नाहीत. मी डोळे मिटून मधूनमधून ‘पुन्हा वाच’ म्हणतो. तो कुरकुरतो आणि मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू करतो.