कॉम्प्युटर बंद होईना!

लोकांचा कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून लोक मेकॅनिक बोलावतात. आमचा बंद होत नव्हता म्हणून आम्ही बोलावला. तो येऊन हसला, डब्याचे झाकण उघडले, पंख्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "एसएमपीएस गेला असंल भाऊ, चौदाशे रुपये पडतील." चौदाशे रुपये म्हणजे आमच्या अभ्यासिकेची दोन महिन्यांची वर्गणी. मी त्याला चहा पाजून परत पाठवले. त्यानंतर जे झाले ते सांगायचे आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही सांगायची आहे.

मी पुलगावला राहतो आणि वर्ध्याला एका कार्यालयात लिपिक आहे. बी.कॉम. झालेला माणूस. पावत्या, नोंदी, कीर्द आणि खतावणी यांतच आजवरची नोकरी गेली. संध्याकाळी गाडीने परतलो की वस्तीतल्या अभ्यासिकेत दीड-दोन तास बसतो. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, स्पर्धा परीक्षेची पुस्तके असे तिथले काम. अभ्यासिकेची किल्ली वस्तीतल्याच एका मुलीकडे असते. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. लहान पोरे तिला 'किल्लीवाली ताई' म्हणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार मिळणे बंद झाले. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठिकठिकाणी चांगले चालते कॉम्प्युटर कपाटामागे जाऊन पडले. त्यातले दोन आम्हाला मिळाले. वस्तीतला एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने दोन्हीवर लिनक्स मिंट टाकून दिले, फुकट.

लिनक्स फुकट आहे म्हटल्यावर आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांना शंका आली की फुकटचे ते टाकाऊच असणार. त्यांच्यासाठी आणि वाचकांसाठीही दोन शब्द. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्‌स या विद्यार्थ्याने हे काम सुरू केले आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवले. त्याचा आतला मजकूर कोणीही उघडून वाचावा, सुधारावा आणि दुसऱ्याला द्यावा अशी मुभा आहे. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली याच पायावर 'बॉस' नावाची प्रणाली काढली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. आमच्या किल्लीवालीने ते मोबाइलवर ऐकूनच बरेचसे शिकून घेतले. मी मात्र ऐकले नाहीत. वयाची चाळिशी उलटली की माणसाला वाटते, आता आपल्याला कोण शिकवणार!

तर मांडणी अशी होती. एक कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, मुलांसाठी. दुसरा मागच्या खोलीत, माझ्या टेबलावर. सगळ्यांच्या कागदपत्रांचे फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर, आणि पुढच्या कॉम्प्युटरवरून ते केबलने उघडता यायचे. ही सोय मीच आग्रहाने करून घेतली होती. पुढे ते फोल्डर उघडले की दोन्ही यंत्रांची जोडणी आपोआप होई, आणि पुढचा कॉम्प्युटर बंद करेपर्यंत तशीच राही.

आठवडाभरात तक्रार सुरू झाली. रात्री नऊला 'शट डाउन' म्हटले की पडद्यावर मिंटचे चिन्ह येई आणि तिथेच थांबे. पंखा घरघरत राही. दोन मिनिटे, पाच मिनिटे. घरी जेवणासाठी वाट पाहत असलेल्या माणसाला पाच मिनिटे म्हणजे फार. मी सरळ बटण पाच सेकंद दाबून धरायचो. कॉम्प्युटर विझायचा, मी कुलूप लावायचो. हाच रोजचा रिवाज झाला.

शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. सात मुलांचे कागद पेनड्राइव्हवर घेऊन मी सकाळी वर्ध्याला जाणार होतो. तिथला सायबर कॅफेवाला कागद ठरावीक आकारात बसवून अर्ज भरून देतो. मुलगी पुढे बसून फोल्डर उतरवत होती. काम झाल्याचे तिने सांगितले. मी मागचा कॉम्प्युटर बंद करून, हातात कुलूप घेऊन बाहेर आलो. तिने 'शट डाउन' केले. पडदा अडकला. मी बटणाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "थांबा नं काका, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकून रायला." मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत सातपैकी तिघांचे कागद उघडेनात. नाव दिसे, आत काही नाही. मी तिला फोन केला. ती शेवटचा तास सोडून आली, अभ्यासिका उघडली, मागच्या कॉम्प्युटरवरचे मूळ कागद शोधले आणि मोबाइलवरून एकेक करून पाठवले. तिसऱ्या मुलाचा अर्ज रात्री दहा वाजता गेला. म्हणजे कोणाचे नुकसान झाले नाही, तेही तिच्यामुळे.

आणि मी काय केले? दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. कोणी म्हणाले, पोरीच्या हाती यंत्र द्यायलाच नको होते. कोणी म्हणाले, किल्ली एखाद्या मुलाकडे द्या. एरवी स्त्री-शिक्षणावर बोलायला आम्हा सगळ्यांना आवडते. माझ्याकडे सगळे पाहत होते आणि बटण मी दाबले होते हे मला ठाऊक होते. पण मी अभ्यासिकेचे रजिस्टर ओढले आणि तिच्या नावापुढे शेरा लिहिला: 'पेनड्राइव्ह योग्य रीतीने न काढता कॉम्प्युटर बंद केला. निष्काळजीपणा.' खाली सही, तारीख. किल्ली माझ्याकडे घेतली. लिपिकाला शेऱ्याचे वजन ठाऊक असते. सर्व्हिस बुकातला एक शेरा माणसाच्या किती वर्षांवर सावली धरतो ते मी रोज पाहतो. तरीही लिहिला.

ती चार दिवस आली नाही.

त्या चार दिवसांत रोग मात्र तसाच राहिला, आणि आता निष्काळजी म्हणायला कोणी नव्हते. मग मी इंजिनिअरिंगच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, अडकला की एस्केपची कळ दाबा, चिन्हामागं काय चाललं आहे ते दिसंल." दाबली. काळ्या पडद्यावर ओळी आल्या. एका ओळीत तारे इकडून तिकडे फिरत होते आणि इंग्रजीत मजकूर होता: अमुक काम थांबवणे चालू आहे. पुढे सेकंद मोजले जात होते, एकूण मुदत दीड मिनिट.

त्याने मला समजावले ते असे. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये सिस्टमडी नावाचा एक कारभारी असतो. हा २०१० मध्ये आला आणि २०१५ पर्यंत डेबियन, उबुंटू या मोठ्या प्रणालींनी तो स्वीकारला. बंद करायचे म्हटले की तो प्रत्येक कामाला सांगतो, आवरा. जो आवरत नाही त्याच्यासाठी साधारणतः नव्वद सेकंद थांबतो, मग त्याला जबरदस्तीने उठवतो. पण काही गोष्टी अशा असतात की त्या उठवूनही उठत नाहीत. त्यांतली एक म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचे उघडे फोल्डर. ते मिटवायचे तर पलीकडच्याने 'मिटले' असे उत्तर द्यायला हवे. पलीकडचा गेलेलाच असेल तर?

हे ऐकताना मला आमचा मार्चअखेर आठवला. सगळ्या टेबलांचा हिशेब जुळतो, पण एका बाबूची व्हाउचरे यायची असतात आणि तो गावाला निघून गेलेला असतो. त्याच्यावाचून खाते बंद करता येत नाही.

तरी मला अजून उमगले नव्हते की तो बाबू मीच. ते मला रजिस्टरने दाखवले. तिने महिनाभर रोज नोंद ठेवली होती: सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा. शेऱ्यात कधी 'अडकला', कधी 'नीट बंद झाला'. ही सवय मीच लावली होती, पण वाचली कधी नव्हती. आता हजेरीच्या पानाशी ताडून पाहिले. 'नीट बंद झाला' अशा सात नोंदी होत्या. त्या सातही दिवशी मी अभ्यासिकेत आलो नव्हतो. मी नाही म्हणजे मागचा कॉम्प्युटर सुरू नाही, जोडणी नाही, अडकणे नाही. मी आलो की मागचे यंत्र आधी बंद करून बाहेर येणार, आणि पुढचे बिचारे गेलेल्याची वाट पाहत बसणार.

खात्री करायला मागच्या वेळच्या नोंदी उघडल्या. त्यासाठी जर्नलसीटीएल नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे 'बी' आणि 'उणे एक' लिहिले की मागच्या सत्राची नोंदवही उघडते. तिच्या शेवटाला मुलाने बोट दाखवले तिथे स्पष्ट लिहिले होते की पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाही. चौदाशे रुपयांचा एसएमपीएस ठणठणीत होता. (सगळे बंद होऊन शेवटी 'पॉवर डाउन' असे दिसते आणि तरीही पंखा फिरत राहतो, तेव्हा मात्र दोष बहुधा बायोस किंवा मदरबोर्डकडे शोधावा लागतो. तो रोग वेगळा.)

पेनड्राइव्हचे कोडेही तेव्हाच सुटले. आपण नक्कल केली की लिनक्स मजकूर आधी स्मरणात घेतो आणि पेनड्राइव्हवर सावकाश लिहीत राहतो. पडद्यावर काम संपलेले दिसते, पण दिवा लुकलुकत असतो. म्हणून 'इजेक्ट' करून तो सांगेपर्यंत थांबायचे. थांबवले नसते तर अडकलेल्या अवस्थेतही त्याने ते लिखाण बहुधा पुरे केले असते. आतल्या डिस्कला थोडे संरक्षण असते. तिथल्या ईएक्सटी४ या व्यवस्थेत चक्क रोजकीर्द असते. बदल आधी कीर्दीत, मग खतावणीत. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द वाचून मांडणी दुरुस्त होते. तरीही शेवटच्या काही सेकंदांतला मजकूर जाऊ शकतोच. पेनड्राइव्हवर सहसा फॅट नावाची जुनी पद्धत असते, तिथे कीर्दच नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट, आणि मी रोज कीर्द न लिहिता दुकान बंद करत होतो.

उपाय साधा निघाला. जोडणीच्या ओळीत त्या मुलाने एक शब्द वाढवला, पाच मिनिटे फोल्डर वापरले नाही तर जोडणी आपोआप सुटावी. आणि नियम केला, पुढचा कॉम्प्युटर आधी, मागचा शेवटी. नव्वद सेकंदांची मुदतच दहावर आणा असाही एक सल्ला मिळाला होता. तो मी घेतला नाही. वाट पाहणाऱ्याला लवकर हाकलल्याने व्हाउचर येत नसते. कधी अगदीच अडकला तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीनच्या कळा धरून थोड्या थोड्या अंतराने एस, यू, ओ दाबायचे. लिहायचे उरलेले लिहून टाक, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव आणि बंद हो, असा त्याचा अर्थ. हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहे.

राहिले दुसरे काम. ते कॉम्प्युटरच्या दुरुस्तीहून जड होते. मी त्यांच्या घरी गेलो. आईने पाणी दिले. म्हणाली, "पोरगी दोन दिवस धड जेवली नाही जी. म्हणे, म्या थांबा म्हटलं होतं." मुलगी दाराशी उभी होती. मी किल्ली पुढे केली आणि चूक माझी होती असे सांगितले. कोणत्या क्रमाने यंत्रे बंद करत होतो तेही सांगितले. ती ऐकत होती, किल्ली घेत नव्हती.

मग म्हणाली, "काका, तुमी घरी येऊन सांगतलं ते ठीक. पण माह्या नावापुढं जे लिवलं हाय, त्याचं काय? ते तर सगळ्यायनं वाचलं."

मी म्हणालो, खोडून टाकतो.

"खोडू नका. तुमीच शिकवलं, नोंद खोडायची नाही."

खरेच होते. चुकीच्या नोंदीवर तांबड्या शाईने एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. बाजूला खरी नोंद, कारण, सही आणि तारीख. त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत मुले जमलेली असताना मी तसे केले. लिहिले: 'वरील शेरा चुकीचा. बटण मी दाबले. मागचा कॉम्प्युटर आधी बंद करण्याची चूक माझी. सदर मुलीने थांबण्यास सांगितले होते.' मोठ्याने वाचून दाखवले. पुढच्या बैठकीत समितीतल्या दोघांना ते आवडले नाही, पण किल्ली तिच्याकडे राहिली.

तिने रजिस्टर आपल्याकडे फिरवले, नोंद पुन्हा एकदा वाचली, आणि त्याच पानावर त्या दिवसाची ओळ भरली. बंद केल्याची वेळ ८.५२. शेरा: ९ सेकंदांत बंद. पेनड्राइव्ह काढली आहे.