पुरुषाचे माहेर

मराठी भाषेने स्त्रीला ‘माहेर’ हा एक शब्द दिला आणि त्याच्या पोटात अंगण, आई आणि डोळ्यांतले पाणी असे सारेच भरून ठेवले. पुरुषाला तिने असा शब्द दिला नाही. तो कुठे घर सोडून जातो, असा तिचा हिशेब असावा! पण आई जाते, गावचे घर विकले जाते, नोकरी परगावी लागते. मग चाळिशी उलटलेल्या पुरुषालाही माहेर हवेसे वाटते. माझे माहेर कारंजा लाडला, थोरल्या बहिणीकडे आहे. दर संक्रांतीला मी तिथे जातो.

गेल्या संक्रांतीनंतर वाशीमला परत निघालो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, समृद्धीनं जा. मधात कोठी थांबाचं काम नाही!” नागपूर ते शिर्डी हा त्या महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आता कारंज्याला चढावे आणि शेलूबाजारला उतरावे. आजाऱ्याला नागपूरला नेणारा माणूस त्या रस्त्याला दुवाच देईल. पण माहेराहून निघालेल्याला मध्येच थांबायचे असते, आणि तिथे तर थांबण्याचीच मनाई!

मी मंगरूळपीरचा जुना रस्ता धरला. ऊन कोवळे होते. सोयाबीन निघालेल्या रानांत हरभऱ्याला घाटे धरले होते. कुठे बाया कापूस वेचीत होत्या. माझ्या लहानपणी हे दिवस हुरड्याचे असत. आता ज्वारीचा एखादा पट्टा दिसला तर जुना सोबती भेटल्यासारखे वाटते.

मंगरूळपीरला चहासाठी थांबलो. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांचे संस्थान दोन्ही सांभाळणारे हे गाव. तिथे ताईची पिशवी उघडली. तिळाचे लाडू, तुरीचे सोले आणि तळाशी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली लोणच्याची बरणी! ती गाठ सोडता सोडता मनात आले : पूर्वी ताई मला पोचवायला चौकापर्यंत येई. पुढे फाटकापर्यंत येऊ लागली. यंदा उंबरठ्यावरूनच तिने हात हलवला आणि विचारले, “आता कधी येशीन?” निघताना मी नुसताच हसलो होतो. चहा निवून गेला.

संध्याकाळी वाशीम दिसू लागले. हेच प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न इथेच लावले आहे. वर्गात मी ही कथा दरवर्षी सांगतो. पण तिचा शेवट त्या दिवशी नव्याने उमगला. लग्नानंतर ते दोघे वाटेतले प्रदेश हिंडत, रमतगमत हिमालयावर परतले. तिथे गौरी होती आणि सरस्वतीही होती, म्हणजे सुनेची आई आणि मुलाचीही आई. राजशेखराने पुरुषालाही माहेर दिले होते तर!

घरी पोचताच ताईला फोन केला. संक्रांतीपर्यंत थांबण्याचा धीर आता मला नव्हता.

“ताई,” मी म्हटले, “होळीला येतो.”